सवड कोणाची?

लिहावेसे पुष्कळ वाटते, पण सवड कोठून आणावी? हा उद्गार आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून वारंवार निघतो. कोणास गाणे शिकावयाचे असते, कोणास चित्रे काढावयाची असतात, कोणाच्या मनात एखादी कथा वर्षानुवर्षे घोळत असते. परंतु सकाळचे पाणी, मुलांचे डबे, कचेरी, वाणसामान आणि घरातील आजारपण यांतून हाती उरतो तो दिवसाच्या शेवटचा शिणलेला अर्धा तास. मग आपण अशी समजूत करून घेतो की, ज्यांनी जगात काही निर्माण केले त्यांना आपल्याहून अधिक सवड असली पाहिजे. ही समजूत कितपत खरी आहे, ते इतिहासालाच विचारून पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे. त्यासाठी श्रोत्यांना मी फार दूर नेणार नाही. महाराष्ट्राची सीमा ओलांडताच तापीच्या उत्तर तीरावर जे बऱ्हाणपूर लागते, तेथपर्यंतच आपल्याला जावयाचे आहे.

बऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात आहे; २००३ सालापासून ते जिल्ह्याचे ठिकाणही आहे. तथापि मराठी माणसाला ते परके वाटत नाही. येथील पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, आणि १७६० च्या उदगीरच्या तहाने हे शहर पेशव्यांकडे आले, हेही इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. फारुकी सुलतानांनी इसवी सन १४०० च्या सुमारास ते वसविले व सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. पुढे अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतल्यावर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे झाले. शहराच्या आत-बाहेर जे पुरे वसले, म्हणजे आपल्याकडील भाषेत ज्या पेठा वसल्या, त्यांपैकी लोधीपुरा हा एक. दाऊदी बोहरा समाजाचे एक मोठे तीर्थस्थान, दरगाह-ए-हकीमी, येथेच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिवंगत झालेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची कबर तेथे असून, देशोदेशींचे बोहरा यात्रेकरू तिच्या दर्शनास येतात. या लोधीपुऱ्याकडे आपल्याला शेवटी पुन्हा वळावयाचे आहे. कारण सवडीच्या प्रश्नाला तेथील यात्रेकरूंच्या समाजाने एक व्यवहारी उत्तर शोधले आहे. परंतु त्याआधी या शहरात ज्याने साहित्यनिर्मिती केली, त्या एका अतिशय कामसू मनुष्याची भेट घेऊ.

तो मनुष्य म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. हिंदी दोह्यांचा कर्ता 'रहीम' म्हणून जो आपल्याला शाळेपासून परिचित आहे, तोच हा. १५५६ मध्ये लाहोरास त्याचा जन्म झाला. बाप बैरामखान पाटण येथे मारला गेला तेव्हा मुलगा जेमतेम चार वर्षांचा होता. अकबराच्या आश्रयाने तो वाढला, गुजरातच्या स्वारीत त्याने नाव मिळविले आणि १५८४ मध्ये 'खानखानान' हा किताब त्यास मिळाला. पुढे आयुष्याचा मोठा भाग दक्षिणेतील मोहिमांत गेला, आणि त्या काळात बऱ्हाणपूर हेच त्याचे मुख्य ठिकाण होते. निजामशाही, आदिलशाही व कुतुबशाही यांच्या फौजा समोर. मलिक अंबरासारखा चिवट प्रतिस्पर्धी. पाठीमागे बादशहाचा संशय आणि शहाजाद्यांचे हेवेदावे. एवढ्या धकाधकीत या माणसाने केले काय? बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचा फारसी अनुवाद पुरा करून तो १५८९ मध्ये अकबरास सादर केला. व्रज भाषेत दोहे रचले, अवधीत बरवै छंदात 'नायिकाभेद' रचला. त्याच्या चित्रशाळेत रामायणाची सचित्र प्रत तयार झाली. ती आज अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील फ्रीर संग्रहात आहे. त्याच्या चरित्राचा मोठा ग्रंथ 'मआसिर-इ-रहीमी' हा त्याच्याच आश्रयास असलेल्या अब्दुल बाकी निहावंदी याने १६१६ मध्ये पुरा केला.

रहीमचे हे उदाहरण ऐकून आपण एकदम असे म्हणू शकतो की, पाहा, लढाया करणाऱ्यालाही वेळ मिळाला, मग आपल्याला का मिळू नये? हा निष्कर्ष घाईचा आहे. त्याच्या निर्मितीकडे जरा निरखून पाहिले म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट छंदाची. दोहा हा दोन ओळींचा. प्रत्येक ओळीत चोवीस मात्रा, तेराव्या मात्रेवर विसावा. बरवै तर त्याहूनही लहान, ओळीला एकोणीस मात्रा. एवढी रचना घोड्यावर बसल्या बसल्या मनात होऊ शकते. छावणी हलविताना, वाट पाहताना, दरबारातील कंटाळवाण्या प्रहरी ती मनात घोळविता येते, आणि मुक्कामावर पोहोचल्यावर लेखनिकाला सांगता येते. दहा हजार ओळींचे महाकाव्य ज्याला लिहावयाचे आहे त्याला सलग काळ लागतो. दोन ओळींच्या कवीला तुकडे पुरतात. रहीमने आपल्या तुकड्यातुकड्यांच्या आयुष्याला जुळेल असे माप निवडले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रहीमला दळावे लागत नव्हते. पाणी आणावे लागत नव्हते. त्याच्या पदरी कवी, लेखनिक, चित्रकार, ग्रंथपाल, आचारी, भिस्ती आणि मशालजी होते. त्याच्या वाट्याला काम पुष्कळ होते यात शंका नाही, पण ते काम संपल्यावर जी सवड उरे ती इतरांच्या हातांनी त्याला निर्माण करून दिलेली होती. दरबारी कवीचा वेळ मोजताना त्याच्या स्वयंपाकघरातील माणसांचे तास हिशेबात धरले पाहिजेत, ते आपण बहुधा धरीत नाही.

खुद्द रहीमच्या संबंधात या हिशेबाची आठवण करून देणारी एक आख्यायिका सांगितली जाते. त्याचा एक चाकर रजा घेऊन लग्नासाठी गावी गेला आणि नव्या संसारात रमून दिवस उलटून गेले. धन्याच्या रागाच्या भीतीने तो परत निघाला तेव्हा त्याच्या नववधूने एका कागदावर दोन ओळी लिहून त्याच्या हाती दिल्या. प्रीतीचे रोपटे लावून निघाला आहात, त्याला पाणी घालण्याची आठवण असू द्या, असा त्या ओळींचा भाव. खानखानानाने त्या वाचल्या, चाकराला क्षमा केली, बक्षीस दिले, आणि तोच छंद स्वतः उचलला. तो छंद म्हणजे बरवै. ही कथा अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्या लोकांनी ती जपली त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. मोठ्या कवीच्या हातातले माप कधी कधी एखाद्या घरातल्या, घागर उचलणाऱ्या आणि रोपाला पाणी घालणाऱ्या बाईकडून आलेले असते. कथेत त्या वधूचे नाव मात्र नाही.

याच खानखानानाच्या कारकिर्दीतील आणखी एक निर्मिती बऱ्हाणपुरात पाहावयास मिळते, आणि ती कवितेहून आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपत येणारे पाणी वाटेतच अडवून, भुयारातून शहराकडे वाहून नेण्याची योजना १६१५ च्या सुमारास येथे झाली. एका इराणी जलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे काम झाले. भुयारावर ठराविक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे मार्ग खोदले आहेत, म्हणून त्यास कुंडी भंडारा म्हणतात. मोट नाही, रहाट नाही. केवळ उतारावर पाणी चालते. ते सरायांत, हमामांत व हौदांत पोहोचे. पाणी घराजवळ येणे म्हणजे डोक्यावरचा हंडा उतरणे, आणि हंडा उतरणे म्हणजे दिवसातील काही घटका हाती येणे. रहीमने किती दोहे रचले याची आपण गणना करतो. ते पाणी जवळ आल्याने त्या शहरातील किती बायकांची किती पावले वाचली, याची गणना कोणी केलेली नाही. परंतु सवड ही अशीही बांधून देता येते, चुन्याने आणि दगडाने, एवढे त्यावरून दिसते.

आता दरबारातून वस्तीत येऊ. बऱ्हाणपूर हे विणकरांचे शहर. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात हे शहर पाहिले आणि येथील तलम, जरीचे कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे लिहून ठेवले. मागावर पुरुष बसलेला दिसतो, पण एका मागामागे सारे घर राबत असते. कोणी सूत काततो, कोणी उकलतो, कोणी कांड्या भरतो, कोणी खळ लावतो. आणि या कामांतील पुष्कळशी बायकामुलांकडे. त्यांचा दिवस कापडाच्या मापाने मोजला जाई. अशा घरात निर्मितीला जागा कोठे होती?

याचे उत्तर दक्षिणेतील सूफी साहित्यात सापडते. विजापूरच्या परिसरातील सूफींनी सतराव्या शतकात दक्खिनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या प्रकारची गीते रचली. चक्की म्हणजे जाते. दळणाऱ्या आणि कातणाऱ्या बायकांनी गाण्यासाठी ती होती. जात्याचा खुंटा, त्याची मधली खीळ, चरख्याचे चाक, सूत यांचेच दृष्टान्त घेऊन त्यांत ईश्वराचे नाव आणि साधनेचा मार्ग सांगितला आहे. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने या गीतांचा अभ्यास करून असे दाखविले की, दक्षिणेत सूफी विचार सामान्य घरांत पोहोचला तो मोठमोठ्या ग्रंथांवाटे नव्हे, तर बायकांच्या या दळणकांडणाच्या गाण्यांवाटे. सूफींची हुशारी अशी की, त्यांनी बायकांना काम सोडून ऐकावयास बोलाविले नाही. काम चालू असतानाच जे गाता येईल ते त्यांच्या हाती दिले. अर्थात, ही युक्ती त्यांनी शोधली असे मात्र नव्हे. जात्यावर गाणे ही त्या बायकांचीच रीत होती. सूफींनी तिचा उपयोग करून घेतला.

मराठी मुलखात ही रीत किती जुनी आहे याची साक्ष जनाबाई देते. नामदेवांच्या घरची ही दासी तेराव्या-चौदाव्या शतकांतील. दळणे, कांडणे, झाडलोट, शेणगोठा हे तिचे दिवसाचे काम. आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो हीच कामे करावयास येतो. तो तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, केर भरतो. भक्तीच्या दृष्टीने यात पुष्कळ अर्थ आहे. परंतु संसाराच्या दृष्टीनेही एक अर्थ आहे, तो आपण सहसा पाहत नाही. राबणाऱ्या बाईने देवाकडे जे मागितले ते सिंहासन नव्हे, दुसरा हात. जाते दोघींनी ओढावयाचे असते. एकटीला ते जड जाते. समोर दुसरी बसली म्हणजे एकीने ओढावयाचे, दुसरीने लोटावयाचे, आणि मधून मधून वैरण घालावयाची. जनीला समोर बसावयास कोणी नव्हते, म्हणून तिने विठ्ठलाला बसविले.

ओवी या छंदाचे मर्मही येथेच आहे. तीन चरण एका यमकात धावतात आणि चौथा आखूड चरण थबकतो. जात्याच्या फेऱ्याशी हे माप जुळलेले आहे. हात फिरतो तसा सूर फिरतो, श्वास सुटतो तेथे ओळ सुटते. म्हणून जात्यावरचे गाणे श्रमाच्या शक्तीतून वाटा मागत नाही. उलट श्रमाला ताल देऊन थोडी शक्ती परत करते. लिहिण्याचे तसे नाही. लिहावयास बसावे लागते, दिवा लागतो, कागद लागतो, आणि हात मोकळा लागतो. ज्या बाईचा हात मोकळा नव्हता तिने हाताशिवाय होणारी कविता केली. पहाटेच्या काळोखात, घरातले बाकीचे निजलेले असताना, सासर, माहेर, भाऊ, लेक, पंढरी आणि मनातला सल यांविषयी जे बोलता येत नव्हते ते ती जात्याशी बोलली.

आता तापीच्या काठाकाठाने थोडे खाली जाऊ. बऱ्हाणपूरहून निघालेली ही नदी रावेर, भुसावळ असा खानदेशचा केळीचा आणि कापसाचा मुलूख ओलांडीत पश्चिमेला जाते. याच मुलखात जळगावनजीक आसोदे या गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. शेतीचे घर, मोठे कुटुंब. तिशीत वैधव्य आले. एका मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हते. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, दळण, चूल, सण आणि पाहुणे यांतच आयुष्याची सत्तर वर्षे गेली. जगाच्या दृष्टीने सवड ही वस्तू ज्यांना कधीच मिळाली नाही अशांपैकी त्या एक.

आणि तरीही आजच्या मराठी कवितेत त्यांचे स्थान काय आहे, हे श्रोत्यांना सांगावयास नको. त्यांच्या कवितेचे विषय पाहिले म्हणजे त्यांनी वेळ कोठून काढला हे आपोआप कळते. घरोट, म्हणजे खानदेशी बोलीतले जाते. चूल, मोट, पेरणी, उफणणी, खोप्यातली सुगरण, आणि मनासारखी चंचल वस्तू. कामातून बाहेर पडून त्यांनी विषय शोधला नाही. काम हाच विषय केला. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, ऐकणाऱ्याच्या कानात राहतील अशा. त्या हात कामात असताना रचता येत, आणि लिहावयास कोणी भेटेपर्यंत तोंडात जपून ठेवता येत. रहीमच्या दोह्याविषयी जे म्हटले तेच येथे पुन्हा दिसते. रहीम खानखानान आणि आसोद्याची शेतकरीण यांच्यात अंतर अफाट आहे, पण तुकड्या-तुकड्यांच्या वेळाला जुळणारे माप दोघांनीही ओळखले.

परंतु या उदाहरणापाशी समाधानाने थांबणे बरोबर होणार नाही. प्रतिभा असली की ती चुलीपाशीही फुलते, असे म्हणून आपण हात झटकले तर ते बहिणाबाईंवर आणि त्यांच्यासारख्या हजारोंवर अन्याय करणारे होईल. त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली कशी? त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी वेळोवेळी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. त्यात होत्या अवघ्या ३५ कविता. सत्तर वर्षांच्या आयुष्यातून पस्तीस! बाकीच्या शेताच्या वाऱ्यावर गेल्या. लेखणी धरणारा मुलगा घरात नसता तर त्या पस्तीसही गेल्या असत्या. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण स्वतःचे पुस्तक पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच जातीचे. १८६८ साली जन्मलेल्या या बाईचे लौकिक शिक्षण नावापुरतेच. नारायण वामन टिळकांसारख्या कविमनाच्या आणि फिरत्या पायाच्या नवऱ्याबरोबर त्यांनी जो संसार ओढला, तोच त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा विषय. हे पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९३४ ते १९३६ या वर्षांत, म्हणजे त्यांच्या वयाच्या पासष्टीनंतर, आणि ते जगापुढे आणण्याची खटपट चिरंजीव देवदत्त यांनी केली. मराठी गद्यातील हा अलंकार संसार सुटल्यावर हाती आला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ओवी दळताना होते. चार भागांचे आत्मचरित्र दळताना होत नाही. त्याला सलग दिवस लागतात, आणि बाईच्या वाट्याला ते म्हातारपणीच येत. ज्या म्हातारपणापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्यांच्या पुस्तकांची यादी कोणापाशी नाही.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण घेऊ. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात होते. दिवसभर तुरुंगातले काम करावयाचे, आणि रात्री व पहाटे लिहावयाचे. असे अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढले. तुरुंगाने त्यांचे स्वातंत्र्य नेले, पण प्रपंचाच्या चिंतेतून त्यांना सोडविले, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल. आणि ते पुस्तक कोणाविषयी आहे? एका आईविषयी, जिच्या साऱ्या कष्टांत स्वतःसाठी पाच रात्री कधी मिळाल्या नाहीत. गुरुजींना याची जाणीव होती. म्हणूनच पुढे त्यांनी बायकांच्या ओव्या मिळवून 'स्त्री जीवन' या नावाने त्यांचा संग्रह केला. सोपानदेवांनी एका आईचे केले ते त्यांनी अनेक अनाम आयांचे केले.

पुढच्या काळात हे काम अधिक विस्ताराने झाले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि जमेल तेथे गाणारणीचे नावही नोंदविले. नाव नोंदविणे ही लहान गोष्ट नाही. बरवैच्या आख्यायिकेतील त्या वधूला जे मिळाले नाही ते या बायकांना उशिरा का होईना मिळाले.

इंग्लंडात व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात सरळ हिशेब मांडला. बाईला लिहावयाचे असेल तर वर्षाला पाचशे पौंडांचे उत्पन्न हवे आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली हवी. त्या वेळी बहिणाबाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्यांच्याजवळ ना पौंड, ना खोली. त्यांनी गाऊन दाखविले म्हणून वुल्फबाईंचे म्हणणे खोटे ठरते काय? मला वाटते, खरेच ठरते. खोली आणि उत्पन्न नव्हते म्हणून तर पस्तीसच उरल्या.

कोणी म्हणेल, आता जाते गेले, गिरणी आली. नळ आला, गॅस आला. बाईची सवड वाढलीच असणार. पिठाच्या गिरणीने पहाटेचे श्रम नेले हे खरे, आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. जात्याबरोबर ओवी गेली याची हळहळ वाटणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. परंतु मोकळा झालेला वेळ गेला कोठे? २०१९ मध्ये भारत सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. शिवाय असा हात लावणारे पुरुष शंभरात सुमारे सव्वीसच. यंत्राने काम हलके केले, पण काम कोणाचे हे ठरविणारी रीत तशीच राहिली.

येथे लोधीपुऱ्याकडे वळतो. ज्या बोहरा समाजाचे यात्रेकरू त्या दरग्यात येतात, त्या समाजाने २०११ च्या सुमारास आपले तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मुहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या काळात एक योजना सुरू केली. गावोगावी समाजाचे सामाईक स्वयंपाकघर काढावयाचे, आणि तेथून प्रत्येक घरी शिजलेल्या अन्नाचा डबा पोहोचवावयाचा. कोणी उपाशी राहू नये हा तिचा एक हेतू. आणि स्त्रियांचा चुलीपाशी जाणारा वेळ मोकळा व्हावा, तो त्यांनी शिक्षणास, उद्योगास, आवडीच्या कामास लावावा, हा दुसरा हेतू, उघड बोलून दाखविलेला. 'फैज अल-मवाइद अल-बुऱ्हानिया' असे तिचे नाव. या वेळातून कोण काय निर्माण करील हे पुढचा काळ सांगेल. परंतु सवड म्हणजे एकट्या माणसाच्या निश्चयाचा प्रश्न नसून ती चार माणसांनी मिळून करावयाची व्यवस्था आहे, हे त्यात मान्य केलेले आहे. चारशे वर्षांपूर्वी कुंडी भंडाऱ्याने पाणी शहराजवळ आणले. हा डबा शिजलेले अन्न घराजवळ आणतो. जात एकच.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर इतिहास दोन भागांत देतो. ज्याला काही निर्माण करावयाचे आहे त्याने मोठ्या सलग वेळेची वाट पाहत बसू नये. आपल्या दिवसाचे तुकडे ओळखावेत आणि त्यांत मावेल असे माप घ्यावे. दोहा घ्यावा, ओवी घ्यावी, रोजचे अर्धे पान घ्यावे. रहीमने हेच केले आणि बहिणाबाईंनीही हेच केले. हा झाला निर्मात्याचा भाग. उरलेला भाग घरातील इतरांचा आहे, आणि उपदेश करताना तो नेमका वगळला जातो. "पहाटे उठून लिहीत जा" असे बायकोला, सुनेला किंवा मुलीला सांगणे सोपे आहे. पहाटे उठून त्यांच्याआधी पाणी तापविणे, डबे भरणे हे त्याहून पुष्कळ उपयोगाचे आहे.

आपल्या घरात कोणी काम करता करता काही गुणगुणत असेल, मुलांना निजविताना स्वतः रचलेली गोष्ट सांगत असेल, हिशेबाच्या वहीच्या मागे चार ओळी लिहीत असेल, तर सोपानदेवांप्रमाणे ते उतरवून ठेवावे, हे उत्तमच. पण त्याआधी जनाबाईच्या विठ्ठलाप्रमाणे तिच्या समोर बसून जात्याच्या खुंट्याला हात लावावा. आज जाते नाही. भांडी आहेत, केर आहे, निवडावयाची भाजी आहे. तेवढे हातावेगळे झाले, तर पस्तिसांवर छत्तिसावी कविता राहावयास हरकत नाही.